युरोपातली समर इंटर्नशिप: धर्माबादच्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी कुठे होते?

जून-जुलै आला की इन्स्टाग्राम आणि लिंक्डइनवर तेच फोटो दिसू लागतात. जिनिव्हातलं तळं, बर्लिनमधली मेट्रो, गळ्यात लॅबचं ओळखपत्र आणि खाली 'समर इंटर्न' अशी ओळ. हे फोटो टाकणारे बहुतेक जण आयआयटी किंवा पुण्या-मुंबईतल्या मोठ्या कॉलेजांचे असतात.

आता समजा, नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादचा एखादा बीएस्सी किंवा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी आहे. तेलंगणाच्या सीमेजवळचं हे गाव मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जातं. मार्क चांगले आहेत, इंग्रजीही जमतं. मग त्याला किंवा तिला असा उन्हाळा मिळू शकतो का?

थोडक्यात उत्तर: मिळू शकतो. पण हा उन्हाळा ठरतो आदल्या दिवाळीत, आणि नेमकं तेच गावात कुणी सांगत नाही.

आधी हे समजून घ्या: 'समर' म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे समर स्कूल. हा काही आठवड्यांचा कोर्स असतो आणि बहुतेक ठिकाणी त्याची फी आपणच भरायची असते.

दुसरी म्हणजे रिसर्च इंटर्नशिप. यात विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या लॅबमध्ये दोन-तीन महिने काम करायचं असतं. यासाठी स्टायपेंड किंवा शिष्यवृत्ती मिळू शकते.

तिसरी म्हणजे कंपनीतली इंटर्नशिप. युरोपात आहे म्हणजे पगार मिळणारच, असं मात्र नाही. जर्मनीत शिक्षणादरम्यान स्वेच्छेने केलेली तीन महिन्यांपर्यंतची इंटर्नशिप किमान वेतनाच्या कायद्यातून वगळली जाऊ शकते. फ्रान्समध्ये इंटर्नला मोबदला देणं बंधनकारक होतं ते इंटर्नशिप दोन महिन्यांपेक्षा जास्त असेल तरच. म्हणजे पॅरिसमध्ये बरोबर दोन महिने काम करून एक युरोही न मिळणं कायदेशीर असू शकतं.

म्हणून ऑफर लेटर आलं की आनंदाच्या आधी दोन गोष्टी पाहा: कालावधी किती आणि पैसे कोण देणार.

पहिली अडचण: यादी

जर्मनीच्या 'डाड' या संस्थेची 'वाइज' ही शिष्यवृत्ती भारतीय विद्यार्थ्यांमध्ये चांगलीच माहितीची आहे. पण ती आयआयटी, एनआयटी, आयसर अशा निवडक संस्थांमधल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तुमचं कॉलेज यादीत नसेल, तर मार्क कितीही असोत, तो दरवाजा बंद असतो.

सगळे दरवाजे असे नाहीत. जिनिव्हाजवळची 'सर्न' ही कणभौतिकीची प्रयोगशाळा दरवर्षी समर स्टुडंट घेते. भौतिकशास्त्र, इंजिनीअरिंग, कॉम्प्युटर आणि गणिताचे विद्यार्थी तिथे अर्ज करू शकतात. भारत 2017 पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. इथे कॉलेजांची यादी नाही. स्पर्धा मात्र जगभरातल्या विद्यार्थ्यांशी असते.

तिसरा रस्ता म्हणजे प्राध्यापकांना थेट ईमेल. तो फुकट आहे, पण 'रिस्पेक्टेड सर' असं लिहून शंभर जणांना पाठवलेला एकच मजकूर बहुतेक वेळा न वाचताच जातो. प्राध्यापकांचं एखादं संशोधन वाचून, आपल्याला काय येतं आणि कुठल्या महिन्यांत येऊ शकतो हे चार ओळींत लिहिलेलं पत्र जास्त उपयोगी पडतं.

दुसरी अडचण: कॅलेंडर

आपला उन्हाळा आणि युरोपातला उन्हाळा एक नाही. आपल्याकडे सुट्टी मे-जूनची. जर्मन विद्यापीठांत उन्हाळी सत्राची लेक्चर्सच जुलैच्या मध्यापर्यंत चालतात आणि युरोपातल्या बऱ्याच इंटर्नशिप जून ते ऑगस्टमध्ये असतात.

मराठवाड्यात उन्हाळी परीक्षा अनेकदा मे-जूनपर्यंत लांबतात आणि लगेच नवं वर्ष सुरू होतं. ऑगस्टअखेर परतलेल्या विद्यार्थ्याच्या हजेरीचं काय? हा प्रश्न कॉलेजने लेखी सोडवला नाही, तर मिळालेली संधीही सोडावी लागते.

अर्जाच्या तारखाही लवकरच्या असतात. बऱ्याच योजनांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीदरम्यान बंद होतात. मार्चमध्ये चौकशी सुरू केली, तर ती पुढच्या वर्षासाठीच होते.

तिसरी अडचण: आधी लागणारा पैसा

स्टायपेंड सहसा तिथे पोहोचल्यावर मिळतो. खर्च मात्र आधी सुरू होतो. नव्या पासपोर्टची साधी फी 1,500 रुपये. शेंगेन व्हिसाची फी जून 2024 पासून 90 युरो. किमान 30,000 युरोचं कव्हर असलेला प्रवास विमा. त्यावर विमानाचं तिकीट आणि खोलीचं डिपॉझिट. जर्मनीत हे डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकतं.

सरकारी मदत का मिळत नाही? कारण महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप या योजना परदेशातल्या पूर्ण मास्टर्स आणि पीएचडीसाठी आहेत. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला त्यांत जागा नाही.

पैशाअभावी शिक्षण अडणं नवं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1920 मध्ये अपुरं शिक्षण पूर्ण करायला लंडनला परतले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज यांच्या जोरावर. आज पूर्ण पदवीसाठी निदान योजना तरी आहेत. पदवीपर्यंत पोहोचवणाऱ्या छोट्या पहिल्या पायरीसाठी मात्र आजही घरचाच पैसा लागतो.

व्हिसासाठी हैदराबाद जवळ, मग मुंबई का?

धर्माबादहून हैदराबाद काही तासांवर, तर मुंबई रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर. पण जर्मन वाणिज्य दूतावासांच्या विभागणीत महाराष्ट्र मुंबईकडे येतो आणि तेलंगणा चेन्नईकडे. त्यामुळे आपल्या व्हिसाचा अर्ज कुठल्या केंद्रावर चालेल, हे तिकीट काढण्याआधी तपासा. पहिल्यांदा बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावंच लागतं. शेंगेन व्हिसासाठी ते 59 महिने चालतात.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण ते 45 पर्यंत जाऊ शकतात. हा व्हिसा 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसांचा असतो. आणि पर्यटनाचं कारण सांगून इंटर्नशिप करू नका. ते नियमात बसत नाही आणि पुढचे व्हिसाही अडचणीत येऊ शकतात.

मग करायचं काय?

विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षातच पासपोर्ट काढावा, दिवाळीच्या सुट्टीत अर्ज लिहावेत आणि शिफारसपत्रासाठी शिक्षकांना महिनाभर आधी विचारावं. 'सीट पक्की करतो, आधी पैसे भरा' असं सांगणाऱ्या एजंटपासून लांब राहावं. खरी लॅब इंटर्नकडून प्रवेशाचे पैसे घेत नाही.

कॉलेजच्या हातातही बरंच आहे. नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत. परदेशातलं काम त्यात कसं धरायचं आणि हजेरीत सवलत कशी द्यायची, हे कॉलेजने आधीच ठरवलं, तर विद्यार्थ्याची अर्धी काळजी मिटते. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

यादी बदलणं धर्माबादच्या हातात नाही. पैशाचा प्रश्न सरकारने सोडवायचा आहे. कॅलेंडर मात्र गावातल्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ऑक्टोबरमध्ये लागू शकतं. हुशार मुलगा किंवा मुलगी मागे पडण्याचं कारण 'तारीख माहीतच नव्हती' हे असेल, तर ते याच वर्षी दूर करता येण्यासारखं आहे.