समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर?

डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल. सरकार म्हणते, दहा लाखांच्या आसपास लोकांना प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगार मिळेल. आकडे डोळे दिपवणारे आहेत. परंतु ज्या किनाऱ्यावर हे सारे उभे राहायचे आहे, तिथल्या माणसांनी पंचवीस वर्षांहून अधिक काळ कायद्याच्या मार्गाने जी लढाई दिली, तिचे पुढे काय झाले, हे चळवळीच्या वाचकाने समजून घेतले पाहिजे.

डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. ती अधिसूचना कागदावरच राहते आहे असे दिसल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी निकाल दिला आणि त्यातून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. एका तालुक्यासाठी असे स्वतंत्र प्राधिकरण ही दुर्मीळ गोष्ट आहे. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराचा पहिला प्रस्ताव फेटाळला. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश १९९९ मध्ये दिला. यंत्रणा उभी राहिली २००७ मध्ये. आदेश आणि अंमलबजावणी यांत आठ वर्षे गेली, तरी ती बसली, कारण आदेश देणारा खुर्चीवर ठाम होता आणि खाली लोक पाठपुरावा करीत होते.

न्या. धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये गेले. त्यानंतर काय घडले ते वकिलाच्या डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. डहाणूत प्रदूषणकारी उद्योगांना बंदी आहे. बंदर हे प्रदूषणाच्या लाल वर्गातील उद्योग गणले जात होते, म्हणून अडचण होती. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने वर्गीकरणच बदलले आणि बंदरे ‘बिगर-औद्योगिक’ कार्यांत टाकली. समुद्र तोच, भराव तोच, ड्रेजिंग तेच. एक शब्द बदलला आणि १९९८ चा अडसर ढिला झाला. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने बंदराला ना-हरकत दिली. जानेवारी २०२४ मध्ये जनसुनावणी, फेब्रुवारीत केंद्राची पर्यावरण मंजुरी. १८ एप्रिल २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मच्छीमारांच्या व रहिवाशांच्या याचिका फेटाळल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात गेले. शेतकऱ्याच्या जमिनीची जात सातबाऱ्यावर बदलायची तर तलाठ्यापासून प्रांतापर्यंत चपला झिजतात. इथे अख्ख्या समुद्राची जात दिल्लीतल्या एका कागदाने बदलली!

चळवळीत एक समज घट्ट बसला आहे की पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. झाडे, पक्षी, कासवे यांच्यावर बोलणारे लोक आपल्या वस्तीच्या गटाराकडे पाहत नाहीत, हा राग खोटा नाही. पण वाढवणला कोण बुडणार आहे? मासेमार तर आहेतच. त्यांच्या बोटीवर खलाशी म्हणून जाणारा आदिवासी, चिकूच्या वाडीत मजुरी करणारी बाई, वाकटी-बोंबील सुकवून बाजारात नेणारी विक्रेती, घराघरांत दागिन्यांचे साचे घडवणारा डायमेकर, यांच्यापैकी कितीजणांचे नाव बाधितांच्या यादीत येईल? जमीन गेली तर मोबदला मिळतो, कारण सातबारा असतो. समुद्राला सातबारा नाही, आणि खलाशाकडे तर बोटीचेही कागद नाहीत.

१९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर चवदार तळ्याचा दावा दहा वर्षे चालला. तळे खाजगी की नगरपालिकेचे, म्हणजे सार्वजनिक, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. सार्वजनिक पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न आपल्याला परका नाही.

रोजगाराचेही तसेच. टर्मिनले खाजगी भागीदारीतून उभी राहायची आहेत. खाजगी टर्मिनलमध्ये आरक्षण नाही, कंत्राटी कामात तर नावच काढू नका. दहा लाखांत मागासवर्गीयांचा वाटा किती, हे कोणत्या मंत्र्याने कोणत्या भाषणात सांगितले? बंदर नको म्हणणाऱ्यांना विकासविरोधी म्हणण्यापूर्वी याचे उत्तर द्यावे.

आणि जनसुनावणी! २००६ च्या अधिसूचनेनुसार स्थानिक भाषेत मिळतो तो फक्त सारांश. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीतच असतो. २०२० मध्ये केंद्राने नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत द्या असे सांगितले. मसुद्याला जो न्याय, तो अहवालाला का नको? संपूर्ण अहवाल मराठीत मिळाल्याशिवाय सुनावणी नाही, ही मागणी प्रत्येक किनारी तालुक्यातून लेखी गेली पाहिजे.

उरणकडे पाहावे. तिथल्या पारंपरिक मच्छीमारांनी बंदराच्या भरावाविरुद्ध पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात दाद मागितली आणि २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांसाठी ९५ कोटी १९ लाख रुपयांच्या भरपाईचा आदेश मिळवला. विरुद्ध बाजूने लगेच अपील केले, ते होणारच होते. पण कुटुंबे मोजलेली होती, नावे होती, म्हणून आदेशात आकडा आला.

कोकणात आता प्रत्येक खाडीवर काही ना काही येऊ घातले आहे. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी निघावी लागते. मंजुरी मिळाल्यावर सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत तिची जाहिरात यावी लागते, त्यातले एक मराठी. न्यायाधिकरणात अपिलाची मुदत तीस दिवस. सबळ कारण दाखवल्यास आणखी साठ, त्यापुढे दार बंद. त्यामुळे गावात मंजुरीची बातमी आल्यावर बोटींची यादी करायला बसणे उपयोगाचे नाही. बोटींचे परवाने, सोसायटीच्या डिझेलच्या व मासळीच्या नोंदी, खलाशांची नावे, ग्रामसभेचे ठराव हे सारे आजच एका फाइलीत लावावे. सोसायटीच्या दप्तरात पुरुषांचीच नावे असतात. मासळी सुकवणाऱ्या बायांची नोंद वेगळी करून ग्रामसभेत वाचून घ्यावी.