विश्लेषण : 'पक्षपात', 'असमतोल' की 'अनुशेष'? शब्द बदलला की प्रश्न कसा बदलतो?

राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला की काही शब्द हमखास कानावर येतात. विदर्भावर अन्याय झाला, मराठवाड्याला सापत्न वागणूक मिळाली, पश्चिम महाराष्ट्राला झुकते माप दिले, अमक्याने तमक्याचे पाणी पळवले. त्यावर सत्ताधाऱ्यांचे उत्तरही ठरलेले : 'प्रादेशिक असमतोल दूर करण्यास सरकार कटिबद्ध आहे.' दोन्ही बाजू एकाच विषयावर बोलत आहेत असे वाटते. पण आरोप एका शब्दात होतो आणि उत्तर दुसऱ्याच शब्दाला दिले जाते.

या शब्दांत फरक काय?

'असमतोल' ही स्थिती आहे. तराजूचे एक पारडे खाली गेले एवढेच हा शब्द सांगतो. ते कोणी दाबले, हे सांगत नाही. 'पक्षपात' ही कृती आहे. तिथे करणारा असतो आणि त्याचा हेतूही गृहीत धरलेला असतो. 'झुकते माप' हा बाजारातून आलेला शब्दप्रयोग. ओळखीच्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने चार दाणे जास्त घालावेत तसा. 'पूर्वग्रह' मनात असतो, तो वागण्यात उतरला की 'भेदभाव' होतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये मनाई आहे ती भेदभावाला. मनातल्या ग्रहाला कायदा हात लावू शकत नाही, वागणुकीला लावू शकतो.

'अनुशेष' कुठून आला?

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करण्याचे आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष देण्याचे आश्वासन होते. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विकासखर्चाच्या समन्यायी वाटपाची तरतूद झाली. तरीही वाटप न्याय्य झाले की नाही, याचे मोजमाप नव्हते. त्यामुळे वाद आरोप आणि इन्कार यांतच फिरत राहिला.

१९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, हे पाहिले. ती तूट भरून काढायला लागणारा पैसा म्हणजे अनुशेष. १९८४ च्या अहवालात हा आकडा सुमारे ३,१८६ कोटी रुपये होता.

त्या आकड्याने काय साधले?

या अनुशेषात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के निघाला. 'पक्षपात' या शब्दाने भांडण प्रदेशाविरुद्ध प्रदेश असे लावले होते. मोजणीने दाखवले की विदर्भ आणि मराठवाडा मागे आहेतच, पण 'पुढारलेल्या' म्हटल्या जाणाऱ्या भागातही मागे राहिलेले जिल्हे आहेत. तक्रार खोटी ठरली नाही. उलट तिला आकार आला. हेतू सिद्ध करण्याची गरज उरली नाही, तूट दाखवली की पुरे.

मग 'अनुशेष' हा शब्द पुरेसा आहे का?

नाही. आकड्यालाही पळवाट असते. अनुशेष 'आर्थिक' आणि 'भौतिक' अशा दोन प्रकारे मोजला जाऊ लागला. ठरलेली रक्कम खर्च झाली की कागदावर आर्थिक अनुशेष संपतो. शेतात पाणी पोहोचले का, हा भौतिक अनुशेषाचा प्रश्न. अमरावती, अकोला, वाशिम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांतील सिंचनाचा भौतिक अनुशेष त्यानंतरही वर्षानुवर्षे गाजत राहिला. म्हणून 'अनुशेष संपला' हे वाक्य ऐकले की 'कोणता?' असे विचारायला हवे.

२०१३ मध्ये अहवाल देणाऱ्या विजय केळकर समितीच्या नावात 'संतुलित प्रादेशिक विकास' हे शब्द होते. उद्दिष्ट म्हणून ते चांगलेच आहेत. मात्र 'अनुशेष' म्हणजे देणे, आणि देणेकरी ठरलेला असतो. 'संतुलित विकास' ही इच्छा आहे. ती पूर्ण झाली नाही तर कोणाकडे वसुलीला जायचे, हे त्या शब्दात नाही.

आज हा प्रश्न महत्त्वाचा का?

१९९४ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याची तरतूद अनुच्छेद ३७१(२) मध्येच आहे. मंडळे फार प्रभावी होती असा दावा कोणी करणार नाही. पण मंडळच नसेल, तर वर्षातून एकदा हिशेब मांडण्याची ती जागाही उरत नाही. मोजणी थांबली की पुन्हा उरतात ते दोनच शब्द : विरोधकांचा 'अन्याय' आणि सरकारचा 'असमतोल'. पहिला सिद्ध करता येत नाही आणि दुसऱ्याची जबाबदारी कोणावरच येत नाही.

तेव्हा 'असमतोल दूर करू' असे आश्वासन मिळाले की मतदाराने तीन गोष्टी विचाराव्यात : तूट किती, कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या वर्षापर्यंत भरणार? उत्तरात आकडा नसेल, तर ते आश्वासन वहीत मांडण्याजोगे नाही.