सॉफ्टवेअर बनवणारे आणि चालवणारे एका सतरंजीवर बसावेत

कापडाच्या दुकानात वहीची जागा आता संगणकाने घेतली आहे. माल, उधारी, जीएसटीचा हिशेब, सारे त्याच्यात आहे. पण ऐन गर्दीत बिल निघेनासे झाले की काय होते? ज्याने प्रोग्राम लिहिला तो म्हणतो, "प्रोग्राम ठीक आहे, मशीन पाहा." मशीन सांभाळणारा म्हणतो, "मशीन ठीक आहे, प्रोग्राम पाहा." गिऱ्हाईक उठून जाते आणि बोलणी बसतात ती संगणकावर बसलेल्या गरीब मुलाला. हा इन्साफ नव्हे.

हा झगडा बड्या कंपन्यांतही होता व आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याची कदर नवे काम लवकर देण्यावर होते, तर चालवणाऱ्याची काहीच बंद न पडण्यावर. एकाला बदल हवा, दुसऱ्याला नको. २००९ साली फ्लिकर या कंपनीचे जॉन ऑलस्पॉ व पॉल हॅमंड यांनी एका परिषदेत सांगितले की, आमचे दोन्ही विभाग मिळून दिवसाला दहाहून अधिक वेळा बदल करतात. त्याच वर्षी बेल्जियममधील गेंट येथे पॅट्रिक डेबॉ यांनी याच विषयावर सभा भरवली. तिच्यातूनच या पद्धतीचे डेव्हऑप्स हे नाव रूढ झाले.

पद्धत सोपी आहे. बदल लहान करायचे, ते यंत्राकडून तपासून घ्यायचे, सर्व संगणकांवर यंत्रानेच चढवायचे. बिघाड दिसताच मागचा चांगला प्रोग्राम परत आणायचा. चूक झाली तर माणूस नव्हे, कारण शोधायचे. हे न केल्याचा परिणाम अमेरिकेतील नाईट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी भोगला. नवा प्रोग्राम आठपैकी सात संगणकांवर चढवला गेला, आठव्यावर जुनाच राहिला. दुसऱ्या कोणी तपासले नाही. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या घरात नुकसान झाले.

या विचाराचे एक मूळ आपल्याच धंद्यात आहे. जपानच्या साकिची टोयोडा यांचा १९२४ चा माग धागा तुटताच आपोआप थांबत असे, म्हणजे खराब कापड पुढे विणलेच जात नसे. पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात दोष दिसताच दोरी ओढून काम थांबवण्याची मुभा कामगाराला मिळाली. डेव्हऑप्सवाल्यांनी हा धडा तेथून घेतला. आपले शिंपीही हे जाणतात. अल्टरला आलेला कुर्ता कटिंग मास्टरला दाखवलाच नाही, तर तो तसेच कापत राहणार.

कोणी म्हणेल, यवतमाळ-पुसदच्या दुकानदाराला याचे काय? १ फेब्रुवारी २०१८ आठवा. त्या दिवशी ई-वे बिल सक्तीचे झाले, पोर्टलला भार पेलला नाही व त्याच दिवशी सक्ती पुढे ढकलावी लागली. राज्याबाहेरच्या मालासाठी ती १ एप्रिलपासून लागू झाली. मार्च २०२० मध्ये जीएसटी परिषदेने पोर्टलची क्षमता एकाच वेळी दीड लाखावरून तीन लाख करदात्यांपर्यंत वाढवण्यास सांगितले. शेवटच्या तारखेला किती गर्दी होते हे चालवणाऱ्याला ठाऊक असते. ते बनवणाऱ्याच्या कानी वेळेवर पडले पाहिजे.

उधारी लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआनात आहे. संगणकातील उधारीचा हिशेब ही दोन्ही पक्षांची अमानत आहे. तो बुडाला तर कोणाचा तरी हक्क बुडतो. म्हणून सॉफ्टवेअर घेताना केवळ किंमत पाहू नये. बिघडल्यावर कोण येणार, हे लेखी घ्यावे. बनवणाऱ्याला महिन्यातून एकदा तरी काउंटरवर बसवावे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत वा लग्नसराईत कोणताही बदल करू देऊ नये. बॅकअप रोज घ्यावा आणि तो परत उघडतो की नाही हेही पाहावे.

एकट्या दुकानाला हे जड वाटत असेल तर पाच-दहा व्यापाऱ्यांनी मिळून दोन्ही कामे जाणणारा एक होतकरू तरुण ठेवावा. त्याला रोजी मिळेल, आपला हिशेब सुरक्षित राहील. आपसात मशवरा करून काम करणे ही तर आपली जुनी रीत आहे. ती संगणकाच्या कामातही आणावी, एवढेच म्हणणे आहे.