लोट्याचे कर्ते आणि विद्यापीठाचे दार

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल सादर केला. लघुउद्योगांत तयार होणाऱ्या मालाचा दर्जा व घडण ढासळू नये यासाठी शिक्षणाची कोणती व्यवस्था करावी, असा प्रश्न सरकारने त्यांना विचारला होता. देशभर हिंडून आल्यावर त्यांनी सर्वांत मोठा गौरव केला तो आपल्या साध्या लोट्याचा. ही वस्तू कोणा एकाच्या प्रतिभेतून निघालेली नसून ती कित्येक पिढ्यांनी घडवली आहे, हे त्यांनी आवर्जून नोंदवले. या अहवालातून प्रेरणा घेऊन १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. लोट्याचा असा सन्मान झाला. परंतु लोटा घडवणाऱ्या तांबटाच्या मुलामुलींना त्या संस्थेचा उंबरठा ओलांडता आला काय, हा प्रश्न साठ वर्षांनंतरही अवघडच आहे.

डिझाइनचे शिक्षण हा एका पक्षाच्या साप्ताहिकाचा विषय कसा, अशी शंका काही कार्यकर्त्यांना येईल. शेतमालाचे भाव, बेकारी आणि महागाई यांच्यापुढे ही चैन त्यांना वाटेल. पण डिझाइन म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्याची सजावट, ही समजूतच मुळात चुकीची आहे. एस. टी. च्या पायरीची उंची, विळ्याची मूठ, औषधाच्या बाटलीवरची अक्षरे, शाळेतला बाक, हे सारे कोणीतरी ठरवत असते. ज्यांना या वस्तू आयुष्यभर वापराव्या लागतात, त्यांची मुले ते ठरवणाऱ्यांत नसतील तर वस्तूही त्यांच्यासाठी घडणार नाहीत. म्हणूनच हा प्रश्न सत्तेचा आहे.

महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा अहमदाबादच्याही आधीची. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली. स्थानिक कारागिरांचे कसब वाढवणे हा तिच्या स्थापनेमागचा एक हेतू होता. १८९१ साली तेथे हस्तकलांच्या कार्यशाळा निघाल्या, १९३५ साली व्यापारी कलेचा विभाग सुरू झाला आणि त्यातूनच पुढे उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. तेथे शिकलेल्या र. कृ. जोशी यांनी देवनागरी अक्षराला संगणकावर रूप दिले. ‘मंगल’ हा टंक त्यांचाच. मराठीतून कारभार चालवू पाहणाऱ्या कचेऱ्यांपर्यंत त्यांचे काम पोहोचले आहे. सरकारी पैशाने चालणाऱ्या कलाशाळेने समाजाला काय द्यावे, याचे याहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही.

आज मात्र या शिक्षणाची वाट अरुंद होत चालली आहे. खाजगी डिझाइन विद्यापीठांचे शुल्क लाखांच्या घरात आहे. सरकारी संस्थांतल्या जागा थोड्या आणि त्यांच्या प्रवेशपरीक्षांसाठी शहरांत शिकवण्यांचा स्वतंत्र बाजार उभा राहिला आहे. आय. आय. टी. सारख्या संस्थांतील डिझाइनच्या पदवीसाठी २०१५ पासून घेतली जाणारी परीक्षा इंग्रजीत असते. हात, डोळा आणि कल्पकता यांची कसोटी पाहणाऱ्या परीक्षेत पहिली चाळणी भाषेची आणि दुसरी पैशाची लागते. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे तक्रार केली होती की, रयतेच्या श्रमातून आलेला महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. ती तक्रार अद्याप जुनी झालेली नाही.

या व्यवस्थेचे फळ २०२५ साली जगाने पाहिले. इटलीतील प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे मांडली आणि तिच्या मूळ कर्त्यांचा उल्लेखही केला नाही. वास्तविक २०१९ सालीच महाराष्ट्र व कर्नाटकातील या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले होते. ओरड झाल्यावर कंपनीने चपलेचे भारतीय मूळ मान्य केले. परंतु केवळ परकीय कंपनीवर संताप व्यक्त करून आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्या चर्मकाराच्या ज्ञानावर जगाचा बाजार डोळा ठेवतो, त्याला आपल्या किती विद्यापीठांनी अध्यापकाची खुर्ची दिली? विद्यार्थी त्याच्या घरी जातात, टिपणे काढतात, छायाचित्रे घेतात. त्यांना पदवी मिळते. कारागिराला मिळतो तो प्रबंधाच्या शेवटी आभाराचा एक शब्द.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला गुणवत्तेचा. दार सैल सोडले तर दर्जा घसरेल, असे म्हणतात. पण ज्यांच्या लोट्याला दर्जाचा मानदंड मानून ही संस्था जन्मली, त्यांच्याच मुलांमुळे दर्जा घसरेल हे म्हणणे तर्काला धरून नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आमच्याच विचारांच्या मित्रांचा आहे. कारागिरीचा गौरव म्हणजे बलुतेदारीचा गौरव नव्हे काय? चांभाराच्या मुलाने चामड्याशीच का बांधून घ्यावे? या शंकेचे उत्तर स्वच्छ हवे. आम्हाला जातीचा धंदा टिकवायचा नाही. त्या मुलाने हवे तर संगणकाचे डिझाइन करावे आणि ब्राह्मणाच्या मुलीने चप्पल शिवायला शिकावे. ज्ञान जातीच्या कुंपणातून मोकळे व्हावे, पण ते ज्यांनी जपले त्यांना वगळून नव्हे.

समाजवादी चळवळीला हा विचार नवा नाही. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या नेत्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी १९५२ पासून अखिल भारतीय हस्तकला मंडळाची धुरा सांभाळली आणि कारागिराचे म्हणणे दिल्लीपर्यंत नेले. ते मंडळ केंद्र सरकारने २०२० च्या ऑगस्टमध्ये, महामारीच्या धुमाळीत, बरखास्त केले. कारागिराला बोलण्याची एक जागा गेली. तिच्यासाठी रस्त्यावर कोणी उतरले नाही, हे आम्हीही कबूल केले पाहिजे.

आता प्रश्न मुंबईचा. २०२३ साली जे. जे. च्या कला, वास्तुकला आणि उपयोजित कला संस्थांना मिळून अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभ्यासक्रम ठरवण्याचे स्वातंत्र्य आले, हे स्वागतार्ह आहे. पण स्वायत्तता याचा अर्थ शासनाने हात आखडता घ्यावा आणि तूट विद्यार्थ्यांच्या खिशातून भरावी, असा होता कामा नये. शुल्क सरकारी महाविद्यालयाच्या पातळीवर राहावे, आरक्षण पूर्णपणे पाळले जावे, प्रवेशपरीक्षा मराठीत देण्याची सोय असावी, बाहेरगावच्या मुलामुलींसाठी पुरेशी वसतिगृहे असावीत आणि पदवी नसलेल्या निष्णात कारागिरांना मानधनासह अध्यापक नेमावे. या पाच कसोट्यांवर या विद्यापीठाचे मोजमाप झाले पाहिजे.

यात कार्यकर्त्यांचा वाटा आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा आजही खेड्यापाड्यांतील मुले देतात. चांगल्या श्रेणीत उत्तीर्ण झालेल्या मुलाला पुढे कलाशिक्षणाची पदवी असते, तिची प्रवेशपरीक्षा असते, हे पुष्कळदा कोणी सांगतच नाही. आपल्या तालुक्यातील अशी मुले शोधावीत, त्यांचे अर्ज भरून द्यावेत, आणि ज्या शाळेत चित्रकला शिक्षकाची जागा रिकामी आहे तेथे ती भरण्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात बसावे. काम लहान दिसेल. पण लोट्याला त्याचा आकारही असाच, अनेक हातांच्या लहान लहान ठोक्यांनी आला आहे.