डबडं म्हणण्याआधी...

मध्यंतरी एका शनिवारी पहाटेच मुलुंडहून निघालो आणि कल्याण, मुरबाड, माळशेज करत नगर गाठलं. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण जिभेवर अजून नगरच.) निमित्त होतं तिथलं रणगाड्यांचं संग्रहालय. लष्कराच्या चिलखती दलाने १९९४ साली सुरू केलेलं. लहानपणापासून जायचं जायचं म्हणत होतो, शेवटी योग आला.

ब्रिटिश, अमेरिकन, रशियन अशी एकेक धुडं बघत आम्ही एका जपानी रणगाड्यापाशी आलो. टाइप ९५ हा-गो. सोबतचा मित्र हसायलाच लागला. "अरे, हे तर डबडं आहे! आपला टेम्पो ट्रॅव्हलर याच्यापेक्षा मोठा असतो." फोटो काढला आणि पुढे गेला. मी मात्र तिथेच अडकलो.

आता मित्राचं अगदीच चूक नव्हतं बरं का. आकडे बघा. वजन साडेसात टनांच्या आतबाहेर. चिलखत जास्तीत जास्त १२ मिलिमीटर, म्हणजे जवळून जड मशीनगन मारली तरी भोक पडणार. तोफ ३७ मिलिमीटरची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आत माणसं फक्त तीन. वरच्या फिरत्या बुरुजात एकटा कमांडर. त्यानेच बाहेर बघायचं, त्यानेच गोळा भरायचा, नेम धरायचा, तोफ डागायची, आणि वर हुकूमही द्यायचे. आपल्याकडे एकाच माणसाला टीम लीड, डेव्हलपर आणि टेस्टर करतात ना, तसंच. फरक इतकाच की आपल्यावर कोणी गोळ्या झाडत नाही.

पण हा रणगाडा बनवला कशासाठी, हे कोण विचारणार? जपानी पंचांगातलं २५९५ म्हणजे आपलं १९३५ साल, म्हणून नाव ९५. तेव्हाची रिक्वायरमेंट साधी होती. ट्रकमधून जाणाऱ्या पायदळाच्या बरोबरीने पळायचं, आणि समोर शत्रूकडे फारसे रणगाडे नाहीत असं धरून चालायचं. सगळं सामान बोटीतून न्यायचं असल्यामुळे वजन कमी हवं. मांचुरियाच्या थंडीत पाणी गोठतं, म्हणून हवेने थंड होणारं डिझेल इंजिन, १२० हॉर्सपॉवरचं. पेट्रोलपेक्षा डिझेल सहजी पेट घेत नाही, हाही फायदा. वेग ताशी ४५ किलोमीटर. त्या रिक्वायरमेंटला हे उत्तर चोख होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचा हिशेब कोणी चुकता केला? आपल्याच माणसांनी. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा मलायात उतरल्या, तेव्हा तिथे ब्रिटिशांकडे एकही रणगाडा नव्हता. रबराचे मळे नि जंगल, इथे रणगाडे कसले चालणार, असा वरच्यांचा समज. जित्राला जे हिंदी जवान उभे होते, त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात रणगाडा पाहिलेला नव्हता. पुढे ७ जानेवारी १९४२ च्या पहाटे स्लिम नदीच्या रस्त्यावर जपानी रणगाडे थेट आत घुसले. काही तासांत सुमारे तीस किलोमीटर. अकराव्या हिंदी डिव्हिजनच्या दोन ब्रिगेडी जवळपास संपल्या. त्या रणगाड्यांत हे 'डबडं'ही होतं. अंधारात समोरून येणाऱ्याला चिलखत १२ मिलिमीटर आहे की १२०, याने काय फरक पडतो?

आता गंमत बघा. त्यानंतर जेमतेम अकरा दिवसांनी, १८ जानेवारीला बक्री गावाजवळ हेच हा-गो पायदळाची सोबत न घेता रस्त्याने पुढे आले. समोर ऑस्ट्रेलियन रणगाडाविरोधी तोफा वाट बघत होत्या. आठ-नऊ रणगाडे तिथेच जळाले. मशीन तेच, रस्ता तसाच. बदललं ते फक्त समोरच्याची तयारी.

मग जपान्यांचं चुकलं कुठे? रशियाशी नोमोन्हानला १९३९ सालीच फटका बसला होता. धडा मिळाला होता, पण पोलाद जहाजांना आणि विमानांना गेलं. नवे दणकट रणगाडे थोडेच बनले, आणि तेही मायभूमीच्या रक्षणासाठी राखून ठेवले. मार्च १९४४ मध्ये इंफाळच्या आघाडीवर, तामूजवळ, अमेरिकन बनावटीच्या ली रणगाड्यांसमोर हा-गोच उभे राहिले. नऊ वर्षं जुन्या डिझाइनमध्ये बसलेल्या त्या तीन पोरांनी काय करायचं होतं?

याच्या उलटही घडतं. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात मेइक्तिलाला डेक्कन हॉर्स ही आपली रेजिमेंट शर्मन रणगाडे घेऊन जपान्यांवर भारी पडली. वीस वर्षांनी, सप्टेंबर १९६५ मध्ये, तेच शर्मन म्हातारे झाले होते आणि समोर होते पाकिस्तानचे पॅटन. कागदावर सामना एकतर्फी. पण असल उत्तरला उसाची शेतं पाण्याने भरली होती, मोर्चे नेमके लावले होते, आणि रेजिमेंटच्या प्रमुखपदी होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य. पॅटन चिखलात रुतले. वैद्यांना महावीर चक्र मिळालं. तेव्हा शर्मनला कोणी डबडं म्हटलं असतं तर?

आमच्या ऑफिसात एक जुनं मॉड्यूल आहे. सतत आडवं होतं. मीही त्याच्या लेखकाला यथेच्छ शिव्या घातल्या आहेत. मग एकदा जुनं डॉक्युमेंट सापडलं. त्याला सांगितलं होतं, दिवसाला पाचशे रेकॉर्ड येतील. आज पाच लाख येतात. ते बदलायला पैसे नाहीत हे ठरवणारा तो नव्हता.

असो. परतताना माळशेजला भजी खाताना मित्राला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "ठीक आहे रे, पण तू बसशील का त्यात?"

नाही बसणार. आणि ज्यांना बसवलं त्यांना, नि ज्यांना त्याच्यासमोर रिकाम्या हाताने उभं केलं त्यांना, कोणी विचारलंच नव्हतं.