ऊस फडात, आकडे दप्तरात

धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील वडीगोद्री (ता. अंबड, जि. जालना) हा जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील भाग. 2019 पासून धरणात सलग काही वर्षे चांगला साठा झाला आणि मोसंबी-कपाशीच्या या पट्ट्यात उसाचे क्षेत्र वाढले. त्याची किंमत 2021-22 च्या गळीत हंगामात मोजावी लागली. राज्यात सुमारे 137 लाख टन साखरेचे विक्रमी उत्पादन झाले. मात्र जालना, बीड परिसरात मे उजाडला तरी ऊस उभाच होता. शेजारच्या गेवराई तालुक्यात तोड न मिळाल्याने हताश झालेल्या शेतकऱ्याने फड पेटवून आत्महत्या केली. शासनाने 1 मे 2022 पासून गाळप होणाऱ्या उसासाठी 50 किलोमीटरपलीकडील वाहतुकीला टनामागे प्रति किलोमीटर 5 रुपये आणि उतारा घटल्यापोटी टनाला 200 रुपये अनुदान जाहीर केले. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

हा प्रश्न जेवढा शेतीचा, तेवढाच पुरवठा साखळीचा आहे. चाकणच्या वाहन कारखान्यात सुटा भाग वेळेवर पोहोचावा यासाठी पुण्यातील संगणक कंपन्यांत असंख्य तरुण राबतात. त्यांतील ‘बिझनेस सिस्टिम्स ॲनालिस्ट’ हा प्रत्यक्ष आज्ञावली लिहीत नाही. काम करणारी माणसे आणि आज्ञावली लिहिणारे अभियंते यांच्यामधला तो दुवा असतो. काम कसे चालते, कोणता आकडा कोठे जन्मतो आणि कोठे चुकतो, हे शोधून त्याची नेमकी मांडणी करणे ही त्याची जबाबदारी.

साखर कारखान्याच्या शेतकी विभागात असा विश्लेषक बसला, तर पहिली अडचण नोंदीतच सापडेल. लागवडीची तारीख, जात आणि क्षेत्र यांवरून तोडणीची क्रमपाळी ठरते. परंतु एकाच फडाची नोंद दोन कारखान्यांकडे असू शकते, तर काही ऊस बिगरनोंदीचा असतो. आडसाली, सुरू आणि खोडवा यांची पक्वता वेगवेगळी. उचल घेतलेली प्रत्येक टोळी येतेच असे नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला जावा, ही अपेक्षा वजनकाट्यासमोरच्या रांगेत अडकते. वहीतील रकाने जसेच्या तसे संगणकावर चढविले, तर चुकाही तेवढ्याच वेगाने चढतात.

समजा, एखादा कारखाना दिवसाला 5 हजार टन गाळप करतो. 150 दिवसांत त्याचे गाळप साडेसात लाख टन होईल. कार्यक्षेत्रात 9 लाख टन ऊस असेल, तर दीड लाख टन, म्हणजे आणखी 30 दिवसांचा ऊस मागे राहणार. हे गणित सोपे आहे. फक्त ते मे महिन्यात नव्हे, नोव्हेंबरमध्ये मांडले गेले पाहिजे. त्या वेळी इतर कारखान्यांशी बोलणी, जादा टोळ्या, तोडणी यंत्रे यांची तजवीज होऊ शकते. मेमध्ये मजूर गावी परततात, उन्हात उसाचे वजन घटते आणि हाती उरते ते अनुदान.

संगणकाने गाळपक्षमता वाढत नाही की टोळ्या वाढत नाहीत, हेही खरे. शिवाय क्रमपाळी मोडण्याची सवय वशिल्यातून आलेली असेल, तर ती केवळ आज्ञावलीने सुटणार नाही. म्हणूनच आपला क्रमांक कितवा आणि तो का मागे गेला, हे शेतकऱ्याला दिसणे महत्त्वाचे. साखर आयुक्तालयाने ऑगस्ट 2022 मध्ये ‘महा-ऊसनोंदणी’ हे ॲप आणून शेतकऱ्याला स्वतः नोंद करण्याची सोय दिली. ते योग्य दिशेचे पाऊल होते. पण नोंद ही साखळीची केवळ पहिली कडी आहे.

मराठवाड्यातील अनेक मुले संगणकाचे शिक्षण घेऊन पुण्यात हे काम करतात. सुट्या भागाचा खोळंबा तासांत मोजणारे हे कौशल्य फडातील उसासाठीही वापरले जायला हवे. त्यासाठी कारखान्यांनी केवळ संगणक विकत घेऊन भागणार नाही. खरे आकडे वेळेत उघड करण्याची तयारीही दाखवावी लागेल.