दांड्या मोजू नका, लांबी मोजा
भालकी-औरादकडं टीव्हीवर मराठी येतच नव्हती, असं आज कुणी म्हणालं की मला राग येतो. येत होती! अंबाजोगाईच्या टॉवरवरनं. दुकानदार दांड्या मोजून अँटेना विकायचे, लोकही घ्यायचे. बघायची असते लांबी: चॅनेल ४ ला मुख्य दांडी सव्वादोन मीटर लागते, ५ ते १२ ला पाऊण मीटरच्या आसपास. माप चुकलं तर १० दांड्या असूनही पडद्यावर मुंग्याच. बूस्टर टीव्हीमागं ठेवला तर मुंग्याही वाढतात. तो वर, अँटेनापाशीच हवा. पण आधी उंच बांबू अन् तोंड वायव्येला. सिग्नलला राज्याची हद्द कळत नव्हती. मराठी अडली ती गच्चीवर, सीमेवर नव्हे!